अस्सलपणा लोखंडात की इतिहासात?

एखाद्या जुन्या वस्तूचे मोल तिच्या उपयोगावर न ठरता तिच्या पूर्वचरित्रावर ठरू लागले, म्हणजे ‘ही वस्तू खरोखर तीच काय?’ हा तत्त्वज्ञांचा प्रश्न न्यायालयाच्या दारात येऊन उभा राहतो. १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयात नेमके हेच घडले. वादाचा विषय होती ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने विख्यात असलेली बेंटले स्पीड सिक्स ही शर्यतीची मोटार.

फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत या गाडीने १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. दोन्ही खेपेस बेंटले कंपनीचा अध्यक्ष वूल्फ बार्नाटो हा स्वतः चालकांपैकी एक होता. जोडीला पहिल्या वर्षी टिम बर्किन, तर दुसऱ्या वर्षी ग्लेन किड्स्टन. १९३१ मध्ये कंपनी डबघाईला येऊन रोल्स-रॉइसकडे गेली. गाडी मात्र धावतच राहिली. १९३२ साली ब्रुकलंड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत, आता आठ लिटरचे इंजिन बसविलेली ही गाडी धावपट्टीच्या उंच, तिरप्या कडेवरून बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी प्राणास मुकला. बार्नाटोने ती पुन्हा बांधून घेतली.

१९९० मध्ये या गाडीचा एक कोटी पौंडांचा सौदा ठरला. पुढे खरेदीदार कंपनीने माघार घेतली. ल मान्स जिंकणारी गाडी ती ही नव्हेच, असा तिचा पवित्रा होता. तो अगदीच निराधार नव्हता. १९२९ च्या गाडीचे म्हणून निश्चितपणे दाखविता येईल असे जवळजवळ काहीच उरले नव्हते, आणि १९३० च्या गाडीचेही मोजकेच भाग शिल्लक होते. तरीही न्या. ओटन यांनी विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. गाडीला ‘मूळ’ म्हणण्यास त्यांनी नकार दिला. पण ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’च आहे, हे मान्य केले. तिच्यातील बदल क्रमाक्रमाने होत गेले, तिचा इतिहास कोठेही तुटला नाही आणि त्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडी नव्हती, हा या निर्णयाचा गाभा होय.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, की आस म्हणजे रथ काय, की चाके म्हणजे रथ? रात्रीच्या पहिल्या प्रहरी जळणारी ज्योत आणि अखेरच्या प्रहराची ज्योत एकच की निराळी? ती तीच नव्हे आणि अन्यही नव्हे. सातत्य तेवढे खरे. लंडनचा निकाल याच वाटेने गेला आणि तो योग्यच होता. शर्यतीची गाडी जिंकण्यासाठी बनविली जाते; झिजलेला भाग बदलणे हाच तिचा धर्म. न बदलण्याची अट तिला घालणे म्हणजे तिचे आयुष्यच नाकारणे होय.

मात्र या न्यायाची ढाल करून कोणी चोरवाट काढू नये. एकाच गाडीची चासी एका हाती व इंजिन दुसऱ्या हाती जाऊन दोन ‘अस्सल’ गाड्या उभ्या राहू शकतात, आणि एखाद्या गंजक्या क्रमांकपट्टीभोवती अवघी नवी गाडी रचता येते. तेथे सातत्य नसते, केवळ नावाचा व्यापार असतो. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली संमत केलेल्या ट्यूरिन सनदेत प्रत्येक हस्तक्षेपाच्या नोंदीवर भर आहे, तो म्हणूनच. गाडीचे भाग बदलले याने अस्सलपणाला बाध येत नाही. ते बदलल्याचे लपविले तर येतो. कोटींचा मोबदला मागणाऱ्याने गाडीआधी तिचा प्रामाणिक दप्तरखाना खुला करावा. लोखंड गंजते, वितळते, बदलते. खोटी नोंद मात्र इतिहासालाच गंज चढविते.