अतिभारारोपण

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपल्यापैकी अनेकांना पाठशाळेच्या वयापासून मुखोद्गत आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते आहेत, समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात किंचित शब्दभेदाने आहेत आणि उपासकदशांगात आनंद श्रावकाच्या कथेतही आहेत. येथे पंथभेद नाही. पहिले तीन ऐकताना आपले मन निश्चिंत असते. आपण कोणाला बांधत नाही, मारत नाही, कोणाचा अवयव छेदत नाही. उरलेले दोन मात्र आपल्या पेढीवर आणि स्वयंपाकघरात नित्य घडू शकतात.

अतिभार म्हटले की बैल आणि घोडे आठवतात, कारण पूर्वीचा व्यापार त्यांच्या पाठीवरून चाले. माणसाच्या पाठीचे स्मरण आपल्याला उशिरा झाले. क्विंटलभराचे पोते उचलणारी हमालांची पिढी आपल्या आडत बाजारांनी पाहिली आहे. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. जी मर्यादा श्रावकाने व्रत म्हणून स्वतःहून पाळावयाची, तिच्यासाठी शासनाला कायदा करावा लागला, हे कठोर वाटले तरी नमूद केले पाहिजे.

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर येथे भगवान मल्लिनाथांच्या दर्शनास जाणाऱ्यांनी त्याच औंढा तालुक्यातील सिद्धेश्वर धरणही पाहावे. पूर्णा नदीवर वरच्या अंगास येलदरी, खाली सिद्धेश्वर. येलदरीला वीज निर्माण करून सोडलेले पाणी येथे अडते आणि कालव्यांनी शेतांकडे वळते. पावसाळ्यात पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचले की दरवाजे उघडतात. भिंतीने तक्रार करावी, मग आपण पाहू, असे तेथे कोणी म्हणत नाही. पातळी रोज मोजली जाते. आपल्या घरी कोणाची मोजली जाते? मुनीम पगारासाठी गप्प राहतो, सून मर्यादेपोटी, आणि प्रवेश परीक्षेच्या तयारीत पिचलेला नातू आजोबांचा हिरमोड होऊ नये म्हणून.

अन्नपाननिरोधाची गोष्ट याहून नाजूक आहे. हळदीच्या हंगामात वसमत-हिंगोलीकडच्या पेढ्यांवर रात्रीपर्यंत काम चालते. मालक सूर्यास्तापूर्वी घरी जाऊन चौविहार साधतो, व्रत निर्दोष पाळल्याचे समाधान घेऊन परततो. मापाडी आणि हमाल तोवर उपाशीच असतात. पर्वाच्या दिवसांतही असेच होते. स्वतः उपवास धरलेली सून पहाटेपासून इतरांच्या पारण्याच्या तयारीत उभी असते आणि तिचे पारणे सर्वांत शेवटी होते. या दोन्ही ठिकाणी कोणाची दुष्ट बुद्धी नसते. म्हणून तर शास्त्रकारांनी याला अतिचार म्हटले, अनाचार नव्हे.

दुकानातील मुलाचा डबा किती वाजता उघडतो, हे उद्या स्वतः पाहावे. त्याला विचारून उपयोग नाही. तो ‘झालं की जेवण, शेठजी’ असेच सांगेल.