बक्षिसाची मोटार आणि जकात

इटलींतील फेरारी कंपनीच्या मोटारींचें कौतुक हल्लीं घरोघरच्या तरुण मंडळींच्या तोंडीं असतें. त्या घराण्यांतहि थोरली पाती व धाकटी पाती आहेच. १९९९ सालीं निघालेली ‘३६० मोडेना’ ही धाकट्या पातीची; म्हणजे त्या कंपनीच्या मोठ्या गाड्यांच्या मानानें स्वस्त. संस्थापक एन्झो फेरारी यांचा जन्म मोडेना गांवचा, म्हणून तें नांव. धाकटी म्हटली तरी एंजिनास नळकांडीं ८ आणि शक्ति ४०० घोड्यांची! आमच्या भंडारा जिल्ह्यांत गडेगांवीं अशोक लेलँडचा कारखाना आहे. त्या कंपनीच्या धान वाहणाऱ्या मालमोटारी याहून पुष्कळच कमी शक्तीवर चालतात. आणि या मोडेनेंत बसावयाचीं माणसें किती, तर दोन. एकत्र कुटुंबानें हिच्या वाटेस न जावें हें बरें.

परंतु आम्हांस बोलावयाचें आहे तें हिच्या जकातीविषयीं. २००२ सालीं सचिन तेंडुलकर यांनीं कसोटी सामन्यांतील २९ वें शतक काढून सर डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी केली. (त्यांचे वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक व कवि, हें वाचक जाणतातच.) त्याप्रीत्यर्थ फियाट कंपनीनें त्यांस ही मोटार नजर केली, इंग्लंडांत सिल्व्हरस्टोन येथें मायकेल शूमाकर यांच्या हस्तें किल्ली देण्यांत आली. मोटार स्वदेशीं आणावयाची तर जकात सुमारें १ कोटि १३ लक्ष रुपये! २००३ मध्यें केंद्र सरकारनें ती माफ केली आणि एकच गहजब उडाला. प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेलें. अखेर ती रक्कम फियाटनेंच भरली.

ज्यानें देशाचें नांव गाजविलें त्याच्यापाशीं जकात कसली मागतां, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस तें पटत नाहीं. दान म्हणजे आपलें स्वत्व सोडून तेथें दुसऱ्याचें स्वत्व उत्पन्न करणें, अशी शास्त्राची व्याख्या आहे. तिजोरीवर मंत्र्यांचें स्वत्व कोठलें? तींत लाखांदूरकडच्या शेतकऱ्यानें साखरेवर नि काडेपेटीवर दिलेले पैसे असतात. त्याला कोणी माफी दिल्याचें ऐकिवांत नाहीं. आमचा रोख खेळाडूवर नाहीं, माफी देणाऱ्या हातावर आहे. गौरव करणाऱ्यानेंच त्याचा सगळा खर्च सोसावा, आणि येथें उशिरां कां होईना, तसें घडलें.

मोटार पुढें २०११ सालीं तेंडुलकरांनीं विकली. ती सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडे गेली.