दिवसाला एकच शब्द

बाळापूरच्या बाजारात दुपारी गिऱ्हाईक विरळ झाले की गादीवरील तरुणाचा हात आपसूक मोबाईलकडे वळतो. एक डाव संपला की दुसरा. खेळ थांबूच देत नाही, ही घरातील वडीलधाऱ्यांची तक्रार रास्तच आहे. ब्राउझरमध्ये उघडणारा एक लहानसा खेळ मात्र तिला अपवाद ठरला.

संगणक अभियंता जोश वॉर्डल यांनी ‘वर्डल’ रचला तो जोडीदार पलक शाह यांच्यासाठी. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. पहिल्या खेळाडू पलक, पहिला अभिप्रायही त्यांचाच : सुमारे १२,००० शब्दांतून ओळखीचे तेवढे निवडून त्यांनी यादी २,५०० च्या आसपास आणली. ऑक्टोबर २०२१ मध्ये खेळ सर्वांसाठी खुला झाला. न्यूझीलंडमधील खेळाडू शब्द न फोडता, रंगीत चौकोन मांडून आपला निकाल एकमेकांना कळवू लागले. वॉर्डल यांनी ती युक्ती डिसेंबरमध्ये खेळातच सामावून घेतली. चाणाक्ष दुकानदार गिऱ्हाइकाच्या बोलण्याइतकेच त्याच्या हाताकडे पाहतो, तसेच हे.

दिवसाला एकच शब्द, हा नियम मात्र त्यांनी मोडला नाही. तेव्हा जाहिराती नव्हत्या, परत बोलावणाऱ्या सूचना नव्हत्या. १ नोव्हेंबरला ९० खेळाडू होते. दोन महिन्यांत ३ लाख झाले. जानेवारी २०२२ अखेर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने खेळ विकत घेतला. रोजचा नवा शब्द आजही एकच असतो. तो सुटला की पुढच्या शब्दासाठी मध्यरात्र उलटावी लागते. तोवर गादीवर रोजमेळ उघडता येतो.