वाहनतळाची फरसबंदी : भुई कोणाची, पैसा कोणाचा?

नगरपरिषदेच्या सभेपुढे एखाद्या व्यापारी संकुलासमोरील वाहनतळाच्या फरसबंदीचा विषय आला, की आपले कार्यकर्तेही तो अभियंत्याचा विषय समजून सोडून देतात. पाणीपट्टी, रेशन, वीज या प्रश्नांवर मोर्चा नेणारा कार्यकर्ता गट्टूंच्या अंदाजपत्रकापुढे मात्र मुका होतो. हे मौन महागात पडणारे आहे. गावातील मोकळी सार्वजनिक जागा ही भूमिहीनांच्या वाट्याला उरलेली अखेरची जमीन असते. तिच्यावर काय अंथरावे हा निर्णय वस्तुतः ती कोणाच्या ताब्यात जावी याचा निर्णय असतो.

चिखलीसारखे तालुक्याचे गाव डोळ्यांपुढे ठेवून विचार करू. या गावाला रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी करण्यात येथील पिढ्या गेल्या. मलकापूर-बुलढाण्याकडून जालन्याकडे जाणारा रस्ता, खामगावचा रस्ता आणि मेहकरचा रस्ता चिखलीत एकत्र येतात. कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा, सारे काही चाकांवरून येते आणि चाकांवरूनच जाते. बाजार समितीत माल घालून शेतकरी खत-बियाणे, कापड, औषध घेण्यासाठी पेठेत शिरतो, तेव्हा त्याचा ट्रॅक्टर किंवा टेम्पो कोठेतरी उभा राहावा लागतो. खेड्यापाड्यांतून बाया-माणसे येतात ती एसटीने किंवा काळीपिवळीने. तेव्हा वाहनतळाची गरज खरी आहे. तिला श्रीमंतांचे चोचले म्हणून झटकून टाकणे हा आपल्यातील काहींचा आळशीपणा आहे. वाद गरजेविषयी नाही. ती कोणाची आणि तिचा भार कोणी उचलायचा याविषयी आहे.

येथे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. राज्यात डिसेंबर २०२० पासून नगरपरिषदांनाही लागू असलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली व्यापारी इमारत बांधणाऱ्यावर आपल्याच आवारात वाहनांसाठी जागा सोडण्याचे बंधन घालते. ही अट तत्पूर्वीच्या नियमांतही होती. कागदावर जागा सुटते. पुढे तळघरात गोदाम थाटले जाते, बाजूच्या पट्टीवर पत्र्याचे शेड पडते, आणि गिऱ्हाइकांची वाहने रस्त्यावर येतात. मग ‘वाहतूक कोंडी’ असा गजर होतो व नगरपरिषदेने स्वतःची जागा स्वतःच्या पैशाने फरसबंद करून द्यावी, अशी मागणी व्यापारी वर्तुळातून पुढे येते. ज्याने जागा गिळली त्याला दंड नाही. ज्याने कधी मोटार पाहिली ती दुसऱ्याचीच, त्याच्या घरपट्टीतून मात्र गट्टू बसतात! म्हणून फरसबंदीच्या योजनेचे पहिले पान हे आसपासच्या संकुलांच्या मंजूर नकाशांचे असले पाहिजे. किती वाहनांची जागा दाखवली होती आणि आज किती आहे, हे मोजल्याशिवाय निविदेची भाषा काढणेच गैर आहे.

आता जमिनीकडे येऊ. या भागातील भारी काळी माती कपाशीला आईसारखी आहे, पण फरसबंदीला ती वैरीण ठरते. पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पाडते. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. भारी जमिनीतल्या घराच्या भिंती का तडकतात हे त्याला ठाऊक असते. अशा मातीवर वरवर मुरूम टाकून, रोलर एकदा फिरवून गट्टू मांडले तर उद्‌घाटनाच्या दिवशी ते फारच देखणे दिसतात. पहिल्या पावसाळ्यात एक कोपरा खचतो, दुसऱ्या उन्हाळ्यात मध्ये उंचवटा येतो. पुढे दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार होते. काम टिकवायचे तर काळी माती पुरेशा खोलीपर्यंत काढावी लागते अथवा चुना मिसळून तिचा स्वभाव बदलावा लागतो. त्यावर मुरूम थराथराने पसरून, प्रत्येक थरावर पाणी मारून दबाई करावी लागते. मग गिट्टीचा थर, वाळूची गादी आणि कडेला गट्टू सरकू नयेत म्हणून पक्की बांधणी. हे सारे जमिनीखाली गाडले जाणारे काम आहे. जे दिसत नाही तेथेच पैसा मुरतो, हे ठेकेदारीचे जुने शास्त्र आहे.

गट्टूंचेही तसेच. भारतीय मानक संस्थेने २००६ साली त्यांचे मानक ठरवले. त्यानुसार केवळ पायी चालण्याच्या जागेसाठी ५० मिलिमीटर जाडीचा गट्टू चालतो, हलक्या वाहनांसाठी ६० मिलिमीटर लागतो, मध्यम वर्दळीला ८० आणि जड वाहनांना १००. मालाने भरलेला ट्रॅक्टर जेथे वळणार तेथे पदपथाचा गट्टू बसवला, तर दोष ट्रॅक्टरवाल्याचा नव्हे. जागा कोणासाठी हे आधी ठरवल्याखेरीज जाडी ठरत नाही. म्हणजे अभियंत्याच्या कोष्टकातही अखेर वर्गाचाच प्रश्न दडलेला असतो.

पाण्याचा हिशेब त्याहून निकडीचा आहे. एक हजार चौरस मीटर जागा फरसबंद केली आणि एखाद्या दिवशी १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर तिच्यावर एक लाख लिटर पाणी पडते. सांध्यांतून मुरेल ते थोडेच. शंभर फुटांना दोन फूट उतार दिला म्हणजे वाहनतळ कोरडा राहतो हे खरे, पण उतार कोणाच्या दिशेने? गावोगावी सखल भागात कोण राहतात हे सांगण्याची आवश्यकता नाही. दुकानदाराच्या पायरीपुढचा चिखल हटवून तो मजुराच्या चुलीपर्यंत पोचवणे याला विकास म्हणता येणार नाही. नाली, शोषखड्डा, पाणी शेवटी जेथे जाणार ते ठिकाण, यांचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच हवा. ‘दुसऱ्या टप्प्यात’ ढकललेली नाली बहुधा कधीच होत नाही.

दगड फोडणाऱ्यांविषयीही लिहिले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो स्त्री-पुरुषांनी खडी फोडून रस्ते घातले, आणि त्या घामातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. आज गिट्टी खदानीवरच्या यंत्रातून येते. ती चाळणारे, गट्टू ओतणारे, उन्हात गुडघ्यांवर बसून ते ठोकणारे हात मात्र माणसांचेच आहेत. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १९९६ साली कायदा झाला आणि खर्चावर उपकर बसला. त्या निधीचा लाभ मिळायचा तर कामगाराची नोंदणी हवी. हजेरीपटावर किती नावे आहेत व त्यांतील किती नोंदणीकृत आहेत, हा प्रश्न बिल मंजूर होण्यापूर्वी कोणी विचारत नाही.

वाहनतळ फुकट असावा की पैसे घेऊन, यावर आपल्यात गोंधळ आहे. फुकट म्हणजे गरिबाच्या बाजूचे, असे वाटते. अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात उलट दाखवून दिले : फुकट जागेची किंमत कोणीतरी भरतोच, आणि मोटार नसलेलाही ती भरतो. एका मोटारीला वाटेसह साधारण २५ चौरस मीटर जागा लागते. तेवढ्यात पाच-सहा दुचाकी सहज मावतात. मला वाटते, मोटारीला तासाप्रमाणे दर लावावा, मालाच्या वाहनाला सवलत द्यावी, सायकल विनामूल्य ठेवावी. वसुली मात्र ठेक्याने देऊ नये. पावती न देता हात पुढे करणारा ठेकेदाराचा माणूस आठवडी बाजारात शेतकऱ्याला काय भाषा ऐकवतो, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे.

आणि ज्या जागेवर हे सारे घडायचे, तेथे आज भाजीवाली बसते, चांभार बसतो, चहाची गाडी उभी असते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना उठवण्यास मनाई केली आहे. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत त्यांना सामावून घेण्याची तरतूदही तोच कायदा करतो. पन्नास हजार वस्ती धरली तरी ही संख्या साडेबाराशे होते. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असावे लागतात. फरसबंदीचा नकाशा या समितीपुढे आलाच पाहिजे, आणि त्यावर हातगाड्यांच्या जागा मोटारींच्या जागांइतक्याच ठळक रेषांनी आखलेल्या असल्या पाहिजेत.

निवडणुका लांबल्यामुळे २०२२ नंतर राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदा दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होत्या. त्या काळात अंदाजपत्रके लोकांसमोर न येताच मंजूर होण्याची सवय यंत्रणेला लागली. ती मोडायची तर आपल्याजवळ आपले आकडे हवेत. सोयाबीनची आवक ऐन भरात असताना एक बाजाराचा दिवस आणि एक साधा दिवस निवडावा. दोन कार्यकर्त्यांनी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा नियोजित जागेवर बसून दर तासाला मोटारी, दुचाकी, टेम्पो, ट्रॅक्टर, बैलगाड्या, हातगाड्या आणि जमिनीवर मांडलेली दुकाने वहीत नोंदवावीत. पहिल्या मोठ्या पावसात पाणी कोणत्या बाजूला वाहते तेही चालत जाऊन पाहावे. त्या वहीची नक्कल अर्जासोबत मुख्याधिकाऱ्यांकडे द्यावी, पोच घ्यावी, आणि अंदाजपत्रकाची प्रत मागावी.