क्योटोचे खेळणे आणि इच्छापोरचे अंगण

सुरतेहून हजिऱ्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर लागते. त्याच पट्टीत पुढे सुवाळीचा किनारा आहे. 1612 च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज गलबते तेथे एकमेकांस भिडली आणि सुरतेच्या व्यापारात इंग्रजांचा पाय रोवला गेला. पुढे त्या वाटेने विलायती लोकरी कापड आले, तलवारीची पाती आली, पारा आणि शिसे आले. आता जपानातील क्योटो शहराच्या निन्टेन्डो कंपनीचे ‘स्विच 2’ नावाचे खेळयंत्र इच्छापोरात आले आहे. ते आले मात्र बंदरातून नव्हे, तर दुबईहून सुटीवर आलेल्या एका खानदेशी तरुणाच्या बॅगेतून. तो तरुण आणि त्याचे कुटुंब यांच्या आग्रहावरून आम्हीही ते एका संध्याकाळी पाहिले, हाताळले, आणि शेजारच्या दहा वर्षांच्या मुलीकडून मोटारींच्या शर्यतीत सपशेल पराभूतही झालो.

5 जून 2025 रोजी हे यंत्र जगाच्या अनेक देशांत एकाच दिवशी विक्रीस आले आणि पहिल्या चार दिवसांत त्याचे 35 लाखांहून अधिक नग खपले, असे कंपनीनेच जाहीर केले. एखाद्या औषधाला किंवा ग्रंथाला असे भाग्य क्वचितच लाभते. पण तो विषय तूर्त बाजूला ठेवू. पाटीएवढे हे यंत्र असून 7.9 इंचांचा पडदा मध्यभागी आणि दोन्ही बाजूंना दोन मुठी, अशी त्याची रचना आहे. मुठींसह त्याचे वजन अर्धा किलोच्या थोडे वर भरते. 2017 सालच्या पहिल्या यंत्रात या मुठी खाचेतून सरकवाव्या लागत. नव्या यंत्रात त्या चुंबकाने ‘टक्’ करून चिकटतात आणि मागची कळ दाबली की सुटतात. टेबलावर आडवी ठेवून फिरवली तर तीच मूठ संगणकाच्या माऊसचे काम करते. यंत्र बैठकीत बसवले की चित्र दूरचित्रवाणीच्या मोठ्या पडद्यावर उमटते, उचलून घेतले की खेळ हातात येतो. विजेरी मात्र खेळाच्या स्वरूपानुसार दोन ते साडेसहा तास टिकते, असे कंपनीच सांगते. भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या माणसाच्या मनात यावर जो प्रश्न येईल तो आमच्याही मनात आला.

सुबक कारागिरीपेक्षाही एक गोष्ट आमच्या मनात ठसली. यंत्राच्या दोन मुठी सुटतात आणि दोन मुले एकेक घेऊन लगेच खेळू लागतात. दुसऱ्यासाठी वेगळी खरेदी करावी लागत नाही. त्या दिवाणखान्यात मालकाचा पुतण्या होता, शेजारच्या ओडिया कुटुंबातील दोन मुले होती आणि आमचा पराभव करणारी ती मुलगी होती. पाळीवरून भांडण झाले, समेट झाला, पुन्हा भांडण झाले. विटीदांडूच्या डावात याहून वेगळे काही घडत असे काय? मोबाइलच्या पडद्यात एकेकटे तोंड खुपसून बसलेली मुले आपण घराघरांत पाहतो. त्या मानाने येथे निदान माणसे माणसांशी बोलत होती, मग ती तावातावाने का असेनात.

आता किमतीकडे वळू. अमेरिकेत या यंत्राचा दर 449.99 डॉलर ठेवण्यात आला. त्या वेळच्या विनिमयदराने सुमारे साडेअडतीस हजार रुपये. जपानात केवळ जपानी भाषा जाणणारी आवृत्ती 49,980 येनला, म्हणजे बरीच स्वस्त, देण्यात आली. आपल्या गिऱ्हाइकाची अशी काळजी घ्यावी, यात त्या कंपनीला दोष देता येणार नाही. मोटारींच्या शर्यतीचा तो एक खेळच मुळी 79.99 डॉलरचा, आणि पहिल्या दिवशी ज्या देशांत विक्री सुरू झाली त्यांत भारत नव्हता. त्यामुळे येथे जे यंत्र येते ते कोणाच्या सामानातून किंवा आडमार्गाच्या व्यापाऱ्याकडून, वाढीव दराने आणि दुरुस्तीच्या हमीवाचून. डिसेंबर 2018 मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने अशा खेळयंत्रांवरील कर 28 वरून 18 टक्क्यांवर आणला खरा. पण जी वस्तू सरळ दाराने येतच नाही तिला कमी झालेल्या कराचा उपयोग किती? उधना, लिंबायत, दिंडोलीच्या वस्त्यांत यंत्रमागावर आणि रंगाईच्या कारखान्यांत खपणाऱ्या आमच्या बांधवांच्या कित्येक आठवड्यांच्या मजुरीचा हा हिशेब आहे. आणखी एक मेख पाहावी. या यंत्राचे काही खेळ ज्या चकतीवजा पत्त्यावर विकले जातात त्या पत्त्यात खेळ नसतोच, केवळ किल्ली असते. खेळ आंतरजालावरून उतरवून घ्यावा लागतो. पैसे मोजून घरी आणलेली वस्तू घरात नाही, असा हा व्यवहार आम्हांस तरी रुचला नाही.

असे यंत्र दिसताच आमच्यातील एक मोठा वर्ग ‘पोरे बिघडली’ म्हणून हाकाटी करील, याविषयी आम्हांस शंका नाही. मार्च 2019 मध्ये राजकोट आणि सुरत येथे ‘पबजी’ या मोबाइलवरील खेळावर बंदीचे हुकूम निघाले होते. राजकोटात तर तो खेळताना सापडले म्हणून तरुणांना अटक झाली. खेळणाऱ्या पोराला कोठडी दाखविण्याची ही तत्परता आणि 25 मे 2024 रोजी त्याच राजकोटात खेळकेंद्राला लागलेल्या आगीत 27 जीव जाईपर्यंत तेथील परवान्यांकडे झालेले दुर्लक्ष, ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. मुलांच्या खेळाविषयी आमचे शासन आणि आम्ही पालक नको तेथे कठोर आणि हवे तेथे ढिले असतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि जुगार व खेळ यांत फरक केला, हे चांगले झाले. ज्याने घरे उद्ध्वस्त होतात तो जुगार. दहा वर्षांची मुलगी पडद्यावरची मोटार वळणावरून सफाईने काढते, तो खेळ. अति खेळाने अभ्यास बुडतो, डोळे शिणतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यावर घरातील वडीलधाऱ्यांचे घड्याळ पुरे आहे, पोलिसांची अधिसूचना नको.

आमचे दुखणे निराळेच आहे. ही निन्टेन्डो कंपनी काही विजेच्या युगात जन्मली नाही. 1889 साली क्योटोत फुसाजिरो यामाउची नावाच्या कारागिराने ती काढली, ती ‘हानाफुदा’ नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते तयार करून विकण्यासाठी. 1983 मध्ये तिने ‘फॅमिकॉम’ हे घरगुती खेळयंत्र आणले. त्याच्याच नकला नव्वदीच्या दशकात आमच्या बाजारात ‘टीव्ही गेम’ म्हणून आल्या आणि एका डबीत हजारो खेळ असल्याच्या थापा मारून खपल्या. आता सावंतवाडीकडे पाहावे. तेथेही पत्ते होत होते: लाखेच्या रोगणाचे, हाताने रंगविलेले वाटोळे गंजिफे. दशावतारी गंजिफ्याच्या संचात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची बारा, मिळून 120 पाने. सावंतवाडीच्या राजघराण्याने ती कला हाती धरली म्हणून ती आज जिवंत तरी आहे. पण ती भेटवस्तू म्हणून, काचेच्या कपाटात. क्योटोच्या पत्तेवाल्याने पत्त्यामागचा खेळ ओळखला आणि त्याला काळाबरोबर नवी रूपे दिली. आम्ही पत्त्यावरचे चित्र तेवढे जपले. परदेशी कापडाची होळी करणाऱ्या पिढीने त्याच वेळी चरखाही फिरविला होता, हे येथे आठवते. चरखा नसता तर ती होळी म्हणजे नुसता धूर झाला असता.

आणि हे आमच्या हातून होण्यासारखे नाही, असेही नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेने ‘राजी’ नावाचा खेळ तयार केला. राक्षसांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी ही त्याची नायिका. राजस्थानी महाल आणि पौराणिक देवता ही त्याची सृष्टी. ऑगस्ट 2020 मध्ये तो सर्वप्रथम याच निन्टेन्डोच्या जुन्या ‘स्विच’वर प्रकाशित झाला आणि त्या वर्षीच्या जागतिक पुरस्कारांत पदार्पणाच्या उत्तम खेळांमध्ये त्याचे नामांकनही झाले. इच्छापोरच्या त्या दिवाणखान्यात मात्र ‘राजी’ कोणास ठाऊक नव्हता. जुन्या यंत्राचे बहुतेक खेळ नव्यावर चालतात, हे त्याच मुलांनी आम्हांस शिकविले. तेव्हा त्यांनी तो मागवून पाहावा, असे आम्ही सुचवून आलो.

यंत्राच्या भाषानिवडीची यादीही आम्ही मुद्दाम उघडून पाहिली. जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, कोरियन, चिनी, डच अशा भाषा तीत आहेत. भारतातील एकही नाही. जेथे विक्रीच नाही तेथे भाषा कशाला, असे कंपनी म्हणेल. पण मराठीत खेळ लिहिणारे आम्हीच तयार केले नाहीत, तर मागणी तरी कोणत्या तोंडाने करावी? सुरत महापालिकेच्या शाळांत गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशी माध्यमे आहेत, हे या शहराचे भूषण आहे. त्या शाळांपैकी चार-दोन मराठी शाळांत उन्हाळ्याच्या सुटीत संगणकाची खोली उघडी ठेवावी आणि मुलांना साधा खेळ रचण्याचे, त्यातील गोष्ट मराठीत लिहिण्याचे वर्ग घ्यावेत. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. ‘स्क्रॅच’सारखी मुलांसाठीची साधने फुकट मिळतात. शिकविण्यासाठी या शहरातील अभियांत्रिकीचे मराठी विद्यार्थी पुढे येतील, आणि सुरतेतील मराठी मंडळांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीतून थोडा वाटा याकडे वळविला तर पुढच्या उत्सवात मंडपाच्या एका कोपऱ्यात मुलांनी स्वतः केलेले खेळ मांडता येतील. आमचा पराभव करणाऱ्या त्या मुलीचे नाव आम्ही पहिल्या तुकडीसाठी आताच सुचवून ठेवतो.