लोकरीची ट्रंक

गेल्या महिन्यात शिरोली एमआयडीसीजवळ एका परिचितांच्या घरी जाण्याचा योग आला. आजी पंचाहत्तरीच्या. यजमानांची सारी नोकरी फौंड्रीत गेली. ते रात्रपाळीला गेले की आजी विणत बसत. त्या काळापासूनची लोकर आज दोन ट्रंकांत, पलंगाखाली आणि माळ्यावर साठलेली आहे. नातसुनेला दिवस गेल्याचे कळताच आजी बाळाच्या टोपीसाठी लोकर काढायला स्टुलावर चढल्या आणि पडता पडता वाचल्या. सून काकुळतीने म्हणाली, ‘आत्या, आता हे सगळं देऊन टाकूया.’ आजी गप्प झाल्या.

सुनेची काळजी रास्त होती, पण उपाय चुकला होता. उतारवयातील मोडलेले हाड माणसाला दीर्घकाळ अंथरुणाला खिळवते, म्हणून स्टूल बंद व्हायलाच हवे. मात्र साठा आवरणे म्हणजे तो फेकणे नव्हे. उतरवण्याचे काम घरच्यांनी करावे; काय ठेवायचे, हे विणणाऱ्या हातांनी ठरवावे.

एका दिवशी एकच ट्रंक उघडावी, तीही सकाळच्या उजेडात. वयोमानाने डोळ्यांतील भिंग पिवळसर होते आणि गडद निळा व काळा यांतील फरक कळेनासा होतो. लोकरीचे तीन वाटे करावेत: लगेच विणायची, दुसऱ्याला द्यायची आणि कसर लागलेली. चौथा, ‘पुढे बघू’ असा वाटा करू नये.

कसरीच्या अळ्या खऱ्या लोकरीवर जगतात. स्वच्छ ॲक्रिलिक त्यांना सहसा रुचत नाही. ओळख पटत नसेल तर घरातील तरुणाने धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून पेटवावा. खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो; ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते. कसरीची शंका असलेली लोकर पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवावी. कोल्हापूरच्या पावसाळ्यानंतर लोकर झटकून, उन्हे देऊन, पूर्ण कोरडी झाल्यावरच डब्यात भरावी. या भागात घोंगडी जपणाऱ्या घरांना ही उन्हाची सवय नवी नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. आजींच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या. त्यांतील नॅफ्थलीनची वाफ लोकरीत मुरते. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते. अशा बाळाच्या तांबड्या पेशी या वाफेने फुटू शकतात. रक्तक्षय होतो आणि कावीळ वाढते. ही कमतरता बाळाकडे पाहून कळत नाही. म्हणून गोळ्यांत राहिलेली लोकर, झबली किंवा दुपटी नवजात बाळासाठी वापरूच नयेत. घरात लहान मूल असेल तर या गोळ्या ठेवूच नयेत; मिठाई समजून मुले त्या तोंडात घालतात.

हे ऐकून आजींनी स्वतःच निर्णय घेतला. जुनी लोकर मोठ्यांच्या मफलरींना, टोपीसाठी नवी. बोटे सकाळी आखडतात, म्हणून त्यांनी जाड, फिकट रंगाचा धागा आणि जाड सुया निवडल्या. वीस मिनिटे विणून हात मोकळे करायचे, हेही ठरले.

उरलेली लोकर आता दोन पारदर्शक डब्यांत आहे. डबे गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली, कपाटाच्या मधल्या फळीवर. त्यांवर ठळक अक्षरांत चिठ्ठ्या. तिसरा डबा आणायचा नाही, हा नियमही आजींचाच.

काळजीवाहकांना एवढेच सुचवावेसे वाटते: आवरायला बसाल तेव्हा वृद्धांच्या शेजारी बसा, त्यांच्या पाठीमागे नको. रिकामा झालेला माळा लवकर विसरला जातो. न विचारता गेलेली वस्तू मात्र मनात घर करून राहते.