‘दुर्गम’ कोणासाठी? कोथळीगड, इर्शाळगड आणि एका सोयीस्कर शब्दाची गोष्ट

पावसाळा लागला की कर्जत-खालापूरच्या डोंगरांचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर वाहू लागतात. ढगांतून वर आलेला एक सुळका, मागे कुठलेसे परदेशी संगीत आणि खाली ठरलेली ओळ : ‘मुंबईपासून काही तासांवरचा, कुणालाच माहीत नसलेला दुर्गम किल्ला’. कुणी त्याला ‘आपली इटली’ म्हणतो. या ओळीतील ‘कुणालाच’ आणि ‘दुर्गम’ हे दोन्ही शब्द खोटे आहेत. ते नुसतेच खोटे असते, तर त्यांच्यावर एवढा मोठा थ्रेड खर्ची घालण्याचे कारण नव्हते.

आधी शब्द पाहू. दुर्ग म्हणजे जिथे जाणे कठीण ते स्थान. पण कोणाला कठीण? व्युत्पत्ती याबाबत मौन पाळते, इतिहास पाळत नाही. किल्ला शत्रूला दुर्गम असावा लागतो. राखणाऱ्याला तो सुगम असावाच लागतो. धान्य, दारूगोळा, चारा आणि माणसे ज्याच्याकडे रोज पोचू शकत नाहीत, तो किल्ला पहिल्याच वेढ्यात पडतो. म्हणून मराठी गडव्यवस्थेत गडाच्या जोडीने ‘घेरा’ येतो, ‘मेट’ येते. घेरा म्हणजे गडाला वेढून असलेला मुलूख आणि त्यातील वस्ती; मेट म्हणजे चढणीवरची राखणीची चौकी. मेटकरी आणि घेरेकरी वगळून गडाचा विचार करणे हे उंबरठा वगळून घराचा विचार करण्यासारखे आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण वाचावे. त्यात तटबंदीइतकीच काळजी पाण्याची, झाडांची, कोठारांची आणि गडावर नेमायच्या माणसांची आहे.

आता कोथळीगड. कर्जतहून कशेळेमार्गे आंबिवली गाठायची, तिथून चढून पठारावर आले की पेठ हे गाव लागते आणि गावाच्या डोक्यावर तो सुळका उभा असतो. सुळक्याच्या पोटात कोरीव खांबांची प्रशस्त गुहा आहे, शेजारी भैरोबाचे स्थान आहे, आणि माथ्यावर जाणारा जिना चक्क खडकाच्या आतून कोरून काढलेला आहे. नरसाळ्यातून वर निघावे तसा माणूस वर निघतो. हे स्थापत्य विलक्षण आहे, त्याचे व्हिडिओ निघणारच. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार नावाबद्दल आहे. परिसरातील लोक या गडाला ‘पेठचा किल्ला’ म्हणतात. म्हणजे गावाला गडाचे नाव मिळालेले नाही, गडाला गावाचे मिळाले आहे. आणि पेठ हा शब्द बाजाराचा आहे. पुण्यात पेठांत राहणाऱ्यांना हे सांगायला नको. ज्या गडाच्या नावातच बाजारवस्तीचा शब्द बसला आहे, त्याला ‘कुणालाच माहीत नसलेला’ म्हणणे हे अज्ञान आहे. आणि त्याच गावात पिठलंभाकरी खाऊन खाली उतरल्यावर तसे म्हणणे याला अज्ञानाहून वेगळे नाव द्यावे लागेल.

१६८४ चा नोव्हेंबर. छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात या गडावर शस्त्रसाठा असे. औरंगजेबाने धाडलेल्या अब्दुल कादरच्या तुकडीने गड घेतला, तो तोफांनी नव्हे. हत्यारे न्यायला आलेली मराठ्यांचीच माणसे असल्याचे भासवून दरवाजा उघडवून घेतला. पुढे गड परत मिळवण्याच्या झटापटींत नारोजी त्रिंबक कामी आले. ही हकीकत बहुधा ‘फितुरी आणि बलिदान’ या साच्यात सांगितली जाते. तिच्यातील साधी गोष्ट मात्र निसटते. अशी युक्ती कुठे चालते? जिथे रात्री-अपरात्री माणसांची ये-जा ही नित्याची बाब आहे, तिथे. निर्जन, एकाकी कड्यावर अचानक आलेल्या माणसांना कोणताही पहारेकरी दार उघडणार नाही. कोथळीगड पडला तो गजबजलेला असल्यामुळे.

आणि गजबज असणे स्वाभाविक होते. गडाच्या पाठीशी सह्याद्रीची भिंत आहे आणि त्या भिंतीतून देशावर चढणाऱ्या वाजंत्री, कौल्या अशा घाटवाटा आहेत. उत्तरेला खांडसहून भीमाशंकरला चढणारे शिडीघाट आणि गणेशघाट, त्यांच्यावर नजर ठेवणारा पदरगड. दक्षिणेला भिवपुरीकडून मावळात जाणारा कुसूर घाट. आणखी दक्षिणेला राजमाची, जिच्या पायथ्याशी कर्जत तालुक्यातच कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची. आंबिवलीलाही लेणे आहे. भिक्षू, व्यापारी, लमाण यांची ही वाट दोन हजार वर्षे वाहती होती. किल्ले या वाटांवर बसवले गेले ते जगापासून दूर राहावे म्हणून नव्हे, तर जग तिथून जात होते म्हणून. या वाटांच्या आणि गडांच्या राखणीत महादेव कोळी नाईकांचा वाटा होता. मोठ्या लढायांच्या गोष्टींत तो सहसा ऐकू येत नाही.

मग हा प्रदेश ‘दुर्गम’ झाला कधी? याची तारीख बऱ्यापैकी नेमकी सांगता येते. १८१७ च्या डिसेंबरअखेरीस कॅप्टन ब्रूक्सने कोथळीगड घेतला आणि गडाचे लष्करी आयुष्य संपत आले. १८३० मध्ये बोरघाटातून गाड्यांचा रस्ता सुरू झाला. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून खंडाळ्याला पोचली. चार दशकांहून कमी काळात सगळी वाहतूक एकाच घाटात गोळा झाली आणि बाकीच्या वाटा कोरड्या पडल्या. डोंगर जागेवरच होते, गावे जागेवरच होती. रस्ता तेवढा दुसरीकडे गेला. दुर्गमता ही इथे निसर्गाची देणगी नाही, ती एकोणिसाव्या शतकाची निर्मिती आहे.

तोपर्यंत दुर्गमता ही ज्याची त्याची असे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत कारतलबखानाला हे रान दुर्गम वाटले. लोणावळ्याच्या बाजूने कुरवंड्याच्या वाटेने तो कोकणात उतरला, चावणीजवळच्या अरुंद खिंडीत अडकला आणि खंडणी देऊन सुटला. शिवाजी महाराजांच्या सैन्याला तेच रान घरच्या परसासारखे होते. खिंड एकच, दिवस एकच. १९४२ मध्ये भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याला याच रांगेने आसरा दिला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य येईपर्यंत हे डोंगर इंग्रज पोलिसांसाठी दुर्गम होते, त्या तरुणांना भाकरी पोचवणाऱ्यांसाठी नव्हते.

‘आपली इटली’ म्हणणाऱ्यांसाठी थोडी इटली. अब्रुत्सो प्रांतात १४६० मीटर उंचीवर रोक्का कलाश्यो नावाचा दगडी किल्ला आहे. १९८५ च्या ‘लेडीहॉक’ चित्रपटात तो झळकला आणि आज जगभरच्या प्रवासी छायाचित्रांत तो ‘एकाकी’ दिसतो. तोही वाटेवरचाच किल्ला. मेंढपाळ ऋतूप्रमाणे आपले कळप अब्रुत्सोतून पुलियाकडे नेत, त्या प्रदेशावर त्याची नजर असे. त्याला लागून गाव होते. १७०३ च्या भूकंपाने ते मोडले आणि लोक खालच्या कलाश्योत उतरले. पिएर तुबेर या फ्रेंच इतिहासकाराने १९७३ मध्ये लात्सियो प्रांतावरचा आपला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. दहाव्या ते बाराव्या शतकांत विखुरलेले शेतकरी टेकड्यांवरच्या तटबंद गावांत कसे एकवटले गेले, हे त्यात दाखवले आहे. त्या काळच्या दस्तऐवजांत ‘किल्ला’ या शब्दाचा अर्थ बहुधा सबंध गाव असाच निघतो. म्हणजे इटलीचा तो रम्य एकांत ही रिकाम्या झालेल्या गावाची उरलेली जागा आहे. पेठला त्याची उपमा देणाऱ्यांना हे ठाऊक नसावे, अशी आशा धरावी.

आता इर्शाळगड, कारण या शब्दाची खरी किंमत तिथे मोजली गेली. खालापूर तालुक्यातील या सुळक्याच्या अंगावर इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी होती. गडाचे नेढे पाहायला जाणारे कित्येक वर्षे तिच्या अंगणांतून गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह सापडले; बेपत्ता सत्तावन्न जणांचा शोध अखेर थांबवण्यात आला. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, यंत्रे चढू शकली नाहीत, जवानांनी फावड्या-कुदळींनी माती उपसली. दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचे नाव नव्हते, असे तेव्हा विधिमंडळात सांगितले गेले. आणि प्रत्येक बातमीत तोच शब्द होता : ‘दुर्गम’.

पायथ्याच्या चौक गावावरून जुना मुंबई-पुणे महामार्ग जातो. इर्शाळगडावरून मोरबे धरणाचे पाणी दिसते, आणि ते पाणी नवी मुंबईच्या नळांना पोचते. या डोंगरांतून पाणी शहरात जाऊ शकते, पर्यटक शहरातून डोंगरात येऊ शकतात. रस्ता आणि यादी तेवढी चढू शकत नाही. व्हिडिओतला ‘दुर्गम’ आणि अहवालातला ‘दुर्गम’ हे सख्खे भाऊ आहेत. एक वस्तीला चौकटीबाहेर ठेवतो, दुसरा जबाबदारीबाहेर.

‘व्हिडिओमुळेच गावाला चार पैसे मिळतात’ हा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. पेठमध्ये जेवणाची, मुक्कामाची सोय करणाऱ्या घरांना पावसाळ्यातल्या गर्दीचा आधार आहे. पण जेवू घालणाऱ्या घराचा उल्लेख केल्याने गर्दी कमी होते, असा दाखला कुठे दिसत नाही. आणि गर्दी ‘कुणालाच माहीत नसलेल्या’ जागेवर जाते तेव्हा ती मालक नसलेल्या जागेवर गेल्यासारखी वागते. पिण्याच्या टाक्यात पाय धुणारा आणि भैरोबाच्या गुहेत बाटल्या टाकणारा बेमुर्वतपणे वागतो, कारण ही जागा कोणाची तरी आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

दोष इतिहासप्रेमींचाही आहे, आणि तो झाकून चालणार नाही. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तीही ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स ऑफ इंडिया’ या नावाने. ‘लँडस्केप’ या शब्दात घाट, पाणवठे, जंगल, वस्त्या सगळे येते. त्या दिवशी बारा नावांच्या याद्या फिरल्या, ढोल वाजले, वाजायलाच हवे होते. पण यादीत कोणता किल्ला आहे आणि कोणता राहिला यावरच वाद रंगले. घेऱ्यातील माणसांवर क्वचितच कोणी बोलले. शिलालेख वाचायला आणि तोफेची लांबी मोजायला जाणारे तरुण मेट कुठे होते, घाटवाट कोणत्या ओढ्याने वर जाते, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारत नाहीत. ती नावे कोणत्याही बखरीत सापडणार नाहीत. ती वाट चाललेली पिढी आता थकली आहे.

पेठमध्ये घरांच्या आसपास एक जुनी तोफ पडलेली आहे. सुळका, ढग आणि आकाश नीट एका चौकटीत यावे म्हणून कॅमेरा थोडा वर उचलावा लागतो, आणि तेवढ्यात घरे व तोफ दोन्ही खाली निसटतात.